पानं पाहिली, बुंधा पाहिला नाही

धान उभ्या उभ्या जळतं म्हणजे काय होतं, ते मी २०१७च्या ऑक्टोबरात पाहिलं. दसरा होऊन गेला होता, लोंब्या भरत आल्या होत्या. एका संध्याकाळी मधल्या बांधीत परातीएवढा पिवळा डाग दिसला. वाटलं, तिथं पाणी कमी पडलं असेल. चार दिवसांनी गेलो तर तो डाग खळ्याएवढा झाला होता आणि पिवळाही राहिला नव्हता. उन्हात वाळत टाकलेल्या तणसासारखा तांबूस झाला होता. पुढच्या आठ दिवसांत सातपैकी चार बांध्यांत असे गोल गोल डाग पडले आणि एकमेकांना जाऊन मिळाले. रात्री कुणी येऊन पेटवून गेलं असावं असं ते दिसायचं. फक्त राख नव्हती.

बांधीत उतरलो आणि डागाच्या कडेचा एक चूड दोन्ही हातांनी फाकवला. पाण्याच्या वर चार बोटांवर, बुडाशी, तांदळाच्या कणीएवढे तपकिरी किडे एकाला एक लागून बसलेले. बोट नेलं की ते पुढं पळत नाहीत, बुंध्याला धरून आडवे सरकतात आणि पलीकडच्या बाजूला जातात. चूड हलवला तसे ते टपटप पाण्यावर पडले आणि तिथूनही उडी मारून पुन्हा बुंध्याला चिकटले. बुंधा हाताला चिकट लागत होता, त्यावर काळी काजळी धरली होती. तपकिरी तुडतुडा. एका चुडावर मोजायला गेलो आणि साठ-सत्तरवर मोजणं सोडून दिलं.

माझी शेती भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. अडीच एकर, एकाखाली एक उतरत गेलेल्या सात बांध्या. वर मामा (माजी मालगुजारी) तलाव, खाली गावाची बोडी. वडिलांच्या हाताखाली धरून धानाची पस्तीस वर्षं मी पाहिली होती. त्या हंगामात तर माझ्या मते मी काहीच कमी केलं नव्हतं. तोवर तीन फवारण्या झाल्या होत्या. गावात इतकं औषध कुणीच मारलं नव्हतं. आणि गावात सर्वांत जास्त जळालं ते माझंच.

हे मी लिहितोय ते त्या तीन फवारण्यांसाठी.

पहिली फवारणी रोवणीनंतर पंचविसाव्या दिवशी केली. पानं गुंडाळणारी अळी दिसत होती. पानाच्या दोन्ही कडा रेशमासारख्या धाग्यांनी चिकटवून ती आत बसते आणि हिरवा भाग खरवडून खाते, मग पानावर पांढरे पट्टे दिसतात. धुऱ्यावरून पाहिलं की सारी बांधी पांढरट भासते आणि छातीत धस्स होतं. मी तालुक्याच्या गावी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलंही नाही की चुडामागे किती पानं खाल्ली आहेत. मीही सांगितलं नाही, कारण मोजलीच नव्हती. त्याने सायपरमेथ्रीन असलेलं एक जोडऔषध दिलं, सोबत टॉनिक आणि स्टिकर. औषधाची बाटली घरी आल्यावर पाहिली, तर तिच्यावर चित्र कपाशीचं होतं. मनात आलं, औषध ते औषध. दुसऱ्या दिवशी अळ्या मरून पडल्या, आणि त्या आनंदात मी युरियाच्या दोन बॅगा एकदम टाकल्या. धान काळंभोर हिरवं झालं. येणारे-जाणारे थांबून पाहायचे.

दुसरी फवारणी सप्टेंबरच्या मध्यात केली. कीड अशी काही दिसत नव्हती. 'खोडकिडा येण्याच्या आधी एक मारून घ्या' असं सांगितलं गेलं म्हणून मारली. तिसरी लोंब बाहेर पडताना. तीच बाटली, तोच हात. तिन्ही वेळा मी वरून, पानांवर, चालता चालता मारत गेलो. वाकून बुंधा एकदाही पाहिला नाही.

माझ्या तिसऱ्या बांधीला लागून एका विधवा काकूंची अर्ध्या एकराची बांधी आहे. त्या वर्षी त्यांच्याकडे औषधाला पैसे नव्हते. अळी त्यांच्या धानावरही आली होती, पानं पांढरी झाली होती, मीच त्यांना म्हणालो होतो, "काकू, एक तरी पंप मारून घ्या, नाही तर तुमची कीड माझ्याकडे येईल." त्यांनी मारला नाही. ऑक्टोबरात त्यांच्या बांधीत तुडतुडे होते, नव्हते असं नाही. पण जळालं ते फक्त माझ्या धुऱ्याला लागून असलेले चार-पाच हात. बाकी बांधी पिवळी होऊन नीट पिकली.

त्या दिवसांत एकदा सकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर उभे होतो. दव पडलेलं होतं. काकूंच्या बांधीत चुडा-चुडांवर जाळी दिसत होती, दवाच्या थेंबांनी भरलेली, ऊन पडलं की लखलखणारी. माझ्या बांधीत एकही नव्हतं. काकू म्हणाल्या, "बाबू, तुझ्या बांधीतले कोळी कुठं गेले?"

त्यांना बाकी काही म्हणायचं नव्हतं, त्यांनी सहज विचारलं. मी मात्र त्या दिवसापासून तोच प्रश्न घेऊन फिरत होतो. साकोलीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं धानावरचं संशोधन केंद्र आहे, माझ्या घरापासून सायकलने जाण्याएवढ्या अंतरावर. तिथं मी पस्तीस वर्षांत कधी गेलो नव्हतो. त्या नोव्हेंबरात गेलो. पुढं प्रशिक्षणांना बसलो, विचारत गेलो, स्वतःच्या बांधीत पडताळत गेलो. जे कळलं ते आता सांगतो.

तुडतुडा अंडी बाहेर घालत नाही. पानाचा जो भाग बुंध्याला गुंडाळलेला असतो, त्या आवरणाला चीर पाडून मादी आत अंडी घालते. फवाऱ्याचं औषध तिथं पोचत नाही. आठवडाभरात, फार तर नऊ दिवसांत, पिल्लं बाहेर येतात. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत महिनाही पुरा लागत नाही. म्हणजे फवारणीने मोठे तुडतुडे मेले तरी आतली अंडी शाबूत राहतात, आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं बांधीत कुणी उरलेलं नसतं.

खाणारे कोण? एक तो कोळी. जाळं विणणारे वेगळे. तुडतुड्याचा खरा वैरी आहे लांडगा कोळी. तो जाळं विणत नाही, बुडाशी फिरून शिकार करतो, पाण्यावरूनही पळतो. पाठीवर फाट्यासारखी खूण असते. मादी अंड्यांची पांढरी पिशवी मागे चिकटवून फिरते आणि पिल्लं निघाली की ती सगळी पाठीवर घेते. असा एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा तुडतुडे खातो. दुसरा मिरिड ढेकूण, हिरवा-काळा, डासाएवढा. तो बुंध्यावर सोंड टोचत टोचत चालतो आणि आत लपवलेली तुडतुड्याची अंडी शोषून घेतो. जिथं आपलं औषध पोचत नाही, तिथं याची सोंड पोचते. शिवाय ढालकिडे, चतुर, बेडूक आहेतच. सायपरमेथ्रीनच्या जातीची औषधं या सगळ्यांना आधी मारतात, कारण हे उघड्यावर फिरतात. मी अळी मारायला गेलो आणि राखणदार मारले. बाकी काम दोन बॅगा युरियाने केलं. कोवळा, रसाळ, दाट बुंधा, खाली सावली आणि दमटपणा. तुडतुड्याला याहून चांगलं घर मिळत नाही.

इतकंच नाही. काही औषधं तुडतुड्याला मारण्याइतकी लागू पडत नाहीत, पण त्यांच्या हलक्या मात्रेने मादी उलट जास्त अंडी घालते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाबद्दल, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी बहुधा 'थ्रीन' असतं त्या औषधांबद्दल, हे अभ्यासून सिद्ध झालेलं आहे. फवारणीने कीड वाढते हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ही माझ्या एकट्याच्या बांधीची गोष्ट नाही, हे कळल्यावर मला थोडा धीर आला आणि राग जास्त आला. केरळात कुट्टनाडच्या भातपट्ट्यात १९७३-७४मध्ये तुडतुड्याने असाच हाहाकार केला होता. इंडोनेशियात सरकार कीटकनाशकांवर मोठी सूट द्यायचं, विमानातून फवारणी व्हायची, आणि तुडतुडा वाढतच जायचा. फिलिपाइन्समध्ये पीटर केन्मोर या संशोधकाने फवारलेली आणि न फवारलेली शेतं शेजारी ठेवून दाखवून दिलं की उद्रेक फवारलेल्या शेतात होतो. अखेर १९८६मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकं बंद केली, पुढच्या तीन वर्षांत सूटही संपवली, आणि शेतकऱ्यांना बांधीत बसवून किडी मोजायला शिकवणाऱ्या शेतीशाळा सुरू केल्या. म्हणजे माझी चूक होण्याच्या तीस वर्षं आधी हे ज्ञान जगात होतं. माझ्यापर्यंत आलं नाही. औषधाची बाटली मात्र दर हंगामात वेळेवर आली.

आता ती गोष्ट, जी सांगताना अजून हात थरथरतो.

डाग वाढू लागले तेव्हा मी पुन्हा दुकानात धावलो. या वेळी तीन औषधं आणली आणि एकाच टाकीत मिसळली. त्यातल्या एकावर लाल त्रिकोण होता. फवारायला माझा धाकटा चुलतभाऊ आला. मजुरीसाठी नाही, माझं जळतंय म्हणून धावून आला. दुपारचे साडेबारा, ऑक्टोबरचं ऊन, धान कमरेएवढं. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, पाय उघडे. पंप गळका होता, पाठ ओली होत होती. मध्येच नोझल तुंबलं, त्याने ते काढून तोंडाने फुंकलं. चार पंप झाल्यावर धुऱ्यावर बसला आणि खर्ऱ्याची पन्नी काढून तळहातावर घोळवू लागला. मी पाहत होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, मीही आयुष्यभर असाच घोळवला होता.

तासाभराने तो म्हणाला, "भाऊ, डोळ्यापुढं धूसर दिसते." घाम थांबेना, तोंडाला लाळ सुटली, मग उलटी. दंडाचं मांस आपोआप उडू लागलं. कुणी म्हणालं दूध पाजा, कुणी म्हणालं ऊन लागलं असेल, झोपू द्या. त्यात आमचा अर्धा तास गेला. रुग्णालयात डॉक्टरांनी बॅटरी डोळ्यावर मारली. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी पहिलं विचारलं, "औषध कोणतं होतं? बाटली आणली का?" आणली नव्हती. मला तिन्ही नावंही धड आठवेनात. एका पोराला मोटारसायकलवर परत शेतात पाठवलं. चार दिवस चुलतभाऊ रुग्णालयात होता. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं चालली होती. वाचला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले होते. त्या बातम्या मी वाचल्या होत्या. आपल्या धानात असं काही होत नाही, असं मला वाटायचं.

आणि ज्यासाठी हे केलं ते झालंच नाही. वरून मारलेलं औषध दाट धानातून बुडापर्यंत गेलंच नव्हतं. अडीच एकरांत एरवी चाळीस क्विंटलच्या वर धान होतं. त्या वर्षी चौदा झालं, आणि त्यातही पोचट जास्त. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात बोंडअळीबरोबर तुडतुड्याच्या नुकसानीलाही मदत जाहीर झाली. पण ती घेऊन कुठं जायचं? चुलतभावाची बायको माझ्याशी चार महिने बोलली नाही, आणि ती चुकीची नव्हती.

तेव्हापासून मी जे करतो आणि जे तुम्ही करावं असं कळकळीने वाटतं, ते असं आहे.

औषधाचा विचार करायच्या आधी बांधीत उतरा. धुऱ्यावरून दिसतं ते पान. तुडतुडा बुडाशी असतो. मी आठवड्यातून एकदा, आणि सप्टेंबरपासून दोनदा, बांधी तिरपी कापत चालतो आणि वीस चूड पाहतो. चूड थोडा वाकवायचा, दोन-तीन थापट्या मारायच्या, पाण्यावर काय पडतं ते मोजायचं. तुडतुडे वेगळे, कोळी वेगळे, मिरिड ढेकूण वेगळे. एका वहीत तारीख घालून लिहायचं. चुडामागे तुडतुडे सरासरी पाच ते दहाच्या खाली असतील तर औषधाला हात लावू नका. त्या पातळीला आले आणि सोबत चुडामागे एखाद-दुसरा कोळीही असेल, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा चढतोय की उतरतोय, हे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. पहिल्या दोन वर्षांत मला थांबणं फार जड गेलं. रात्री झोप लागायची नाही, पहाटे बॅटरी घेऊन बांधीत जायचो. पण कोळ्यांचा आकडा वहीत वाढत गेलेला पाहिला, तेव्हा भीती गेली.

रोवणीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस फवारू नका. मला हे सगळ्यात जास्त पटवून सांगावंसं वाटतं, कारण माझं नुकसान इथूनच सुरू झालं. या काळात अळीने पानं खाल्ली तरी धान नवे फुटवे आणि नवी पानं काढून ते भरून काढतं. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या भातपट्ट्यात १९९४पासून शेतकऱ्यांना नेमकं हेच सांगणारी मोहीम झाली, रेडिओवर नाटुकली झाली, आणि फवारण्या घटूनही पीक घटलं नाही. चुडामागे दोन ताजी खाल्लेली पानं दिसेपर्यंत त्या अळीची काळजीच करायची नाही.

खोडकिड्याचं वेगळं आहे, आणि इथं उशिरा जागे होणारे जास्त. फुटव्यांच्या काळात मधला पोंगा सुकतो, ओढला की सहज हातात येतो, तो गाभेमर. फुटव्यांत शंभरातले पाच असे दिसले तर उपाय करायचा. निसवल्यावर पांढरी, पोचट, ताठ उभी लोंब दिसते तेव्हा मात्र वेळ निघून गेलेली असते. अळी आत खोडात आहे, दाणा भरणारच नाही. त्या दिवशी मारलेलं औषध वाया. दरवर्षी पांढऱ्या लोंबी पाहून पंप उचलणारे लोक मी पाहतो, आणि त्यांना थांबवायला जातो. त्यापेक्षा आधीची कामं करा. खोडकिड्याची मादी अंडी पानाच्या टोकाजवळ पुंजक्याने घालते, म्हणून रोवणीआधी पऱ्ह्याचे (रोपांचे) शेंडे खुडून टाकले तर अंडी तिथंच जातात. एकरी दोन कामगंध सापळे लावले की पतंग कधी वाढले ते कळतं. खोडकिड्याची अंडी संपवणाऱ्या ट्रायकोग्रामा जापोनिकम या बारीक मित्रमाशीची कार्डं मिळत असतील तर रोवणीनंतर महिन्याने लावा, पण लक्षात घ्या, त्यानंतर आठवडाभरात औषध मारलं तर तुम्ही ती माशी स्वतःच मारता.

आमच्या झाडीपट्टीत गादमाशीही फार. पोंगा कांद्याच्या पातीसारखा गोल, चंदेरी होतो आणि त्याला लोंब धरत नाही. असा पोंगा दिसला म्हणजे आतल्या अळीचं काम झालेलं असतं, तेव्हा फवारणीने काही साधत नाही. रोवणी वेळेवर करा आणि दाणेदार औषध द्यायचंच तर संशोधन केंद्राला विचारून, त्यांनी सांगितलेल्या वेळी द्या. पूर्वी आम्ही सर्रास फोरेट फेकायचो. २०२०च्या अखेरीपासून फोरेटवर देशात बंदी आहे. कुणाच्या कोठ्यात जुनं पोतं पडलेलं असेल तर ते वापरू नका, कुणाला देऊ नका.

दाणेदार आणि फवारणीच्या औषधांत पाण्याचा हिशेब उलटा असतो, इथं बरेच जण चुकतात. दाणेदार औषध टाकताना बांधीत दोन-तीन इंच पाणी हवं आणि ते तीन-चार दिवस बाहेर जाऊ द्यायचं नाही. तुडतुड्यावर फवारणी करायची तर आधी पाणी काढून टाका, म्हणजे बुंधा उघडा पडतो. कित्येकदा नुसतं पाणी काढून तीन-चार दिवस बांधी सुकवली तरी तुडतुडे कमी होतात. मी दोन वर्षं एवढ्यावरच निभावलं आहे. फवारल्यावर मात्र पाणी सोडायचं नाही. माझ्या बांध्यांचं पाणी शेवटी बोडीत जातं. तिथं गावची गुरं पाणी पितात, बाया कपडे धुतात, पोरं झिंगे धरतात.

फवारायची वेळ आलीच, तर नोझल खाली धरून, बुडाशी. एकराला दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे पंधरा लिटरचे तेरा-चौदा पंप. मी सहा पंपांत एकर उरकायचो. औषधाची मात्रा टाकीत वाढवायची आणि चालायचं भरभर, तो हिशेब सोडा. रोवणीच्या वेळीच दर दोन-तीन मीटरवर फूटभर रुंद पट्टा मोकळा सोडला तर हवा आणि ऊन बुडापर्यंत जातं, आणि फवारणाऱ्याला चालायला वाट मिळते. लोकांना वाटतं जागा वाया गेली. कडेचे चूड जोमाने फुटतात, पट्ट्याची भरपाई ते करतात. युरिया तीन हप्त्यांत द्या. पीक काळं दिसायला लागलं तर शेवटचा हप्ता कमी करा.

औषध कोणतं? मी दुकानदार नाही आणि डॉक्टरही नाही, म्हणून नावापेक्षा रीत सांगतो. 'थ्रीन'वाली औषधं तुडतुड्यासाठी किंवा तुडतुडा येण्याच्या काळात कधीच नको. इमिडाक्लोप्रिड पूर्वी खूप चालायचं, आता तुडतुडा त्याला मोठ्या प्रमाणात सरावला आहे. बुप्रोफेझीन पिल्लांवर लागू पडतं, त्यांची कात टाकणं बंद करतं. मोठे तुडतुडे त्याने लगेच मरत नाहीत, म्हणून आठवडाभर धीर धरावा लागतो. पायमेट्रोझीन आणि फ्लोनिकॅमिड तुडतुड्याचं रस शोषणं थांबवतात, आणि कोळ्यांना त्यांचा त्रास मानाने कमी. काहीही घ्या, पण एका हंगामात तेच ते पुन्हा मारू नका, आणि लेबलवर धानाचं आणि त्या किडीचं नाव छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका. मात्रा लेबलवरची, दुकानदाराच्या तोंडची नाही. पक्कं बिल घ्या. त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर हवा. एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळू नका. विष कशाचं झालं हे डॉक्टरला सांगता आलं पाहिजे.

डब्यावरचा त्रिकोण पाहायला पोरांनाही शिकवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिऊन चालेल असं नव्हे. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वारा पाठीशी घेऊन. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा, हातमोजे, नाकातोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. उकडतं, मला माहीत आहे. म्हणूनच दोन तासांच्या वर एकाच माणसाने फवारू नये. पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. नोझल तुंबलं तर बारीक तार किंवा जुना दातब्रश वापरा. खर्रा, बिडी, पाण्याचा घोट, काही नाही; हात साबणाने धुऊन, कपडे बदलून मग. मी आता फवारणीला येणाऱ्याची खर्ऱ्याची पन्नी आधी काढून घेतो. लोक चिडतात, पण देतात.

आणि तरी कुणाला घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणं यांपैकी काही सुरू झालं, तर दूध-तूप, लिंबू, झोप यात वेळ घालवू नका. ओले कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा, बाटली लेबलसकट पिशवीत घाला आणि निघा. त्या दिवशी आमचा गेलेला अर्धा तास मला कुणी परत देणार नाही.

चुलतभावाने त्यानंतर पंप पाठीवर घेतला नाही, आणि मी कधी घे म्हटलंही नाही. पण बांधीत तो येतो. वीस चूड आता तोच मोजतो, त्याची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. काकूंच्या बांधीतले दहा चूडही तो पाहून येतो. परवा संध्याकाळी आला, पाय धुतले, वही मागितली आणि उभ्या उभ्याच लिहिलं: तुडतुडे तीन, कोळी दोन, मिरिड चार.